मोमो महाराजांची शिवण

दुखणं म्हणजे निव्वळ मनाचा खेळ! ज्याचं मन घट्ट त्याला काही दुखत नाही. हे वाक्य मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बेलार्मिनोच्या सलूनमध्ये, तोंडाला साबणाचा फेस लावलेला असताना ऐकवलं. वर असंही सांगितलं, की एकदा मी भूल न घेता दाढ काढून घेतली होती आणि घरी परतताना वाटेत भाजलेलं कणीस खाल्लं होतं. दाढेची गोष्ट खरी आहे. कणसाची नाही.

मी जुरांदीर. पेद्रा मान्सा गावात वर्षभर पाण्याचे मीटर बघत हिंडतो. तेव्हा माझी दखल फक्त कुत्री घेतात. पण कार्निव्हलचे चार दिवस मी राजा असतो. मोमो राजा, म्हणजे उत्सवाचा सोंगातला राजा! डोक्यावर मुकुट, अंगावर लाल मखमलीचा झगा. शुक्रवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या सज्जात नगराध्यक्ष माझ्यापुढे कमरेत वाकतो आणि गावाची चावी देतो. मी ती ताठ उभा राहून घेतो आणि माइकसमोर तीनदा गडगडाटी हसतो. तिसरं हसू संपलं की ढोल सुरू. राजा हसल्याशिवाय आमच्या गावात कोणी पाऊल थिरकवत नाही. आणि राजा कोणापुढे वाकत नाही. नगराध्यक्षापुढे नाही, बिशपपुढे नाही. सासूपुढे वाकतो, पण ते घरात.

राजा जाडजूड हवा, ही एक अट. त्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवायची कोणाची टाप नव्हती. मी घरात शिरलो की लोक आधी खुर्च्या तपासायचे. मग हृदयाच्या डॉक्टरने सांगितलं, ‘‘असेच राहिलात तर पुढचा कार्निव्हल वरून बघाल.’’ जठर लहान करायचं ऑपरेशन झालं, हळूहळू निम्मा जुरांदीर गळून गेला. कातडी मात्र राहिली. भाडेकरू घर सोडून गेले आणि पडदे तसेच लोंबत राहिले, अशी माझ्या पोटाची अवस्था झाली. रात्री कूस बदलली की आधी मी वळायचो, पोट मागाहून यायचं. माझी बायको नेउझा कधी चकार शब्द बोलली नाही, पण अंघोळीच्या वेळी मी आरशावर टॉवेल टाकायला लागलो. इतका जाड होतो तेव्हा कधी आरसा झाकला नव्हता, आणि आता बारीक झाल्यावर झाकत होतो. वाईट वाटायचं, दुसरं काय.

ही जास्तीची कातडी सरकारी दवाखान्यात काढून देतात, पण नंबर लागता लागत नाही. माझा लागला तो नेमका कार्निव्हलच्या तोंडावर! दवाखान्यातून फोन आला, ‘‘गुरुवारी या. नाहीतर रांगेत पुन्हा शेवटी.’’

आता पंचाईत अशी, की मी बारीक झाल्यापासून कार्निव्हल समिती आधीच कुरकुरत होती. त्यांनी मला बजावलं होतं, ‘‘पोटाला उशी बांध, आम्ही चालवून घेऊ. पण सोहळ्यात तसूभर कमी पडलं, तर पुढच्या वर्षीपासून मुकुट जेनिवाल्दोला.’’ जेनिवाल्दो म्हणजे आमचा खाटीक. अंगाने दणदणीत, हसणं म्हणजे ट्रकमधून दगड ओतल्यासारखं. गेली कित्येक वर्षं तो स्वतःच्या खर्चाने झगा शिवून तयार होता.

तेव्हा ऑपरेशनची गोष्ट गावात फुटता कामा नये! गावाला सांगितलं, नेउझाची मावशी आजारी आहे, शहरात जातोय. खरं ठाऊक होतं तिघांनाच. नेउझा, सासूबाई आणि तोंडाला फेस असताना मी बोलून बसलो म्हणून बेलार्मिनो. त्याने वस्तऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. त्याच्या शपथेवर गावातलं शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही, पण आता काय करणार?

ऑपरेशन झालं. डॉक्टर तेल्मा माझ्या उशाशी आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण आवाज हेडमास्तरणीचा.

‘‘नीट ऐका. सरळ उभं राहायचं नाही, शिवणीवर ताण येतो. वाकून चालायचं. शिंक, खोकला आला तर पोटाशी उशी गच्च धरायची. आणि हसायचं नाही.’’

‘‘अजिबात?’’

‘‘काम काय करता तुम्ही?’’

‘‘पाण्याचे मीटर बघतो.’’

‘‘मग हसायचं कारण काय?’’ म्हणून त्या निघून गेल्या.

मग भूल उतरली. काय सांगू! कोणीतरी मला मधोमध कापून, मधलं वीतभर कापड गाळून, दोन्ही टोकं ओढून शिवलं होतं. आणि हे मी वाढवून सांगत नाही, खरोखर तेच केलं होतं त्यांनी! पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या, त्यांच्या टोकाला बाटल्या. त्या बाटल्या मी नेउझाच्या पर्समध्ये ठेवून, पर्स खांद्याला अडकवून संडासला जायचो. वरून छातीपासून गुडघ्यापर्यंत कातडीच्या रंगाचा घट्ट पट्टा. माझ्या मापाचा पुरुषी पट्टा मिळाला नाही, म्हणून मांडीपाशी नाजूक लेस असलेला! तो चढवायला दोन माणसं लागायची. नेउझा हुक ओढायची आणि सासूबाई माझ्या पाठीला गुडघा लावून मला थोपवून धरायच्या.

‘‘मेलो! आई गं! हळू!’’

‘‘मन घट्ट कर,’’ नेउझा म्हणाली.

‘‘टोमणे मारू नकोस.’’

‘‘कणीस भाजून आणू?’’

बघा, बेलार्मिनोकडची गोष्ट हिच्यापर्यंत पोचली होती. म्हणजे गडी बोलतो तर होता!

घरी आल्यावर माझा ताबा सासूबाईंनी घेतला. जखम असताना डुकराचं मांस, अंडं, बदक, चॉकलेट खाल्लं की शिवण पिकते, हे आमच्याकडच्या समस्त सासवांना जन्मतःच ठाऊक असतं. मला सकाळ-संध्याकाळ कोंबडी घातलेली भाताची पेज. तिसऱ्याच दिवशी जेनिवाल्दोने डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तळलेले तुकडे पाठवले, भलं मोठं ताट भरून. आता दर कार्निव्हलला खाटकाच्या दुकानातून राजाला ते जातात, जुनी रीत आहे. पण सासूबाईंचे डोळे बारीक झाले.

‘‘विषप्रयोग!’’ त्या म्हणाल्या.

‘‘अहो, त्याला कुठे माहीत आहे माझं ऑपरेशन?’’

‘‘तू गप पड. घरात ठेवलं तर तुझा हात जाईल.’’ आणि माझा जीव वाचवण्यासाठी त्या माउलीने ते अख्खं ताट एकटीने, माझ्यासमोर बसून, कुडुमकुडुम खाऊन संपवलं.

दुखण्याचं एक वेळ निभावलं असतं. गोळ्या होत्या. पण न हसणं? हे काही जमेना. टीव्हीवरच्या विनोदी मालिका बंद झाल्या. बेलार्मिनोला दाराबाहेरूनच निरोप पोचवायची परवानगी होती, कारण त्याला विनोदाशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. मी हसू नये म्हणून सासूबाईंनी एक अक्सीर इलाज काढला. रोज सकाळी गावच्या रेडिओवर मयतांची नावं सांगतात, मागे मंद व्हायोलिन वाजतं. ते त्या माझ्या कानाशी लावून बसायच्या.

‘‘...श्री. आरिस्तीदेस, दीर्घ आजाराने...’’ रेडिओ सांगायचा.

‘‘हा मला मागणी घालणार होता,’’ सासूबाई म्हणायच्या. ‘‘सुटला बिचारा.’’

माझ्या पोटात काहीतरी हललं. मी उशी धरली.

‘‘...कुटुंबीय अतिशय दुःखात...’’

‘‘कुठलं दुःख! बायकोने कालच केस रंगवून घेतले.’’

‘‘सासूबाई, गप्प बसा, पाया पडतो!’’

‘‘अरे, मी तर तुला गंभीर करतेय!’’

मी हसलो. आणि हसताना बोंबललो. त्या दिवसापासून माझ्या हसण्याला एक नवीनच सूर लागला. सुरुवात ‘हा’ने व्हायची आणि शेवट ‘आई गं’ने.

अशात कार्निव्हलचा शुक्रवार उजाडला. नळ्या निघाल्या होत्या, पण मी अजून काटकोनात होतो. डॉक्टर तेल्मा फोनवर म्हणाल्या होत्या, ‘‘आपोआप सरळ व्हाल, घाई केलीत तर मीच येऊन पुन्हा वाकवीन.’’

नेउझा माझ्या झग्याला इस्त्री करत होती. ती म्हणाली, ‘‘जुरांदीर, समितीला सांगून टाक ना. फार तर काय होईल? मुकुट जाईल.’’

‘‘मुकुट गेला तर मी कोण, नेउझा?’’

मीटरवाला, हे उत्तर आम्हा दोघांनाही येत होतं. तिने इस्त्री बाजूला ठेवली आणि माझ्या पट्ट्याचे हुक नेहमीपेक्षा हळू लावले. मला एकदम भरून आलं. रडणंही शिवणीला बरं नव्हतं, म्हणून आवरलं.

माझा बेत साधा होता. लवकर जाऊन सिंहासनात बसायचं आणि उठायचंच नाही! पोटाशी उशी तशीही बांधायची होती, ती सासूबाईंनी पिवळ्या साटिनची शिवली, वर दोऱ्याने कोंबडा भरला. वरून झगा, खाली लेस. नेउझा आणि सासूबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून मला मागच्या जिन्याने सज्जात नेऊन बसवलं. बसलेला राजा झकास दिसत होता. खाली चौक माणसांनी फुललेला. एका बाजूला नगराध्यक्ष आमांसियोसाहेबांचे लोक, दुसऱ्या बाजूला औषध दुकानवाल्या झुल्मिराबाईंचे. हे निवडणुकीचं वर्ष, आणि झुल्मिराबाई त्यांच्या विरुद्ध उभ्या राहणार होत्या. त्यांच्या हातात स्वतःचा कर्णा होता. आणि अगदी पुढे, न जाणो वेळ आलीच तर, म्हणून जेनिवाल्दो झगा घालून उभा.

बँडने सलामी दिली. आमांसियोसाहेब पांढऱ्या सुटात, हातभर लांबीची लाकडी चावी घेऊन आले. माझ्यासमोर थांबले. कमरेत वाकण्यासाठी त्यांनी एक श्वास घेतला. आणि बँडमास्तर ओरडला, ‘‘महाराज उठत आहेत!’’

महाराज कुठले उठतात! पण सगळा चौक माना वर करून बघायला लागला. न उठून सांगतो कोणाला? मी सिंहासनाचे हात धरले, देवाचं नाव घेतलं आणि उठलो. म्हणजे, बूड उठलं. डोकं तिथेच राहिलं. मी काटकोनात, तोंड थेट नगराध्यक्षांच्या पट्ट्यासमोर!

मोमो राजा नगराध्यक्षापुढे वाकला होता! पेद्रा मान्साच्या इतिहासात पहिल्यांदा!

आमांसियोसाहेबांना गहिवरून आलं. त्यांनी माझ्या मुकुटावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, ‘‘मित्रहो, राजालासुद्धा कळतं, की काम कोणी केलंय!’’

डावीकडून टाळ्यांचा कडकडाट. उजवीकडून कर्णा गरजला, ‘‘राजा फितूर झाला! जुरांदीर, आमचा पाण्याचा मीटर बघायला येशील ना, मग दाखवते!’’

‘‘गद्दार! ताठ हो!’’

‘‘वाकू दे त्याला! शिका काहीतरी!’’

कोणीतरी लिंबू फेकलं. लिंबाला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूने पेरू आला. वर्षातून गाव एकत्र येतं ते या एका संध्याकाळी. आणि तीच संध्याकाळ माझ्या पोटापायी मोडायला निघाली होती! मला कळेना, हे असं कसं? कोणालाच कसं ठाऊक नाही? बेलार्मिनोला माहीत असलेली गोष्ट चर्चच्या घंटेआधी पोचते! मी मान तिरकी करून खाली बघितलं. बेलार्मिनो ओठ घट्ट मिटून, शहीद झाल्यासारखा उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गुपित पाळलं होतं, आणि तेही आज!

आता आमांसियोसाहेबांना चेव चढला. ‘‘उठा महाराज, उठा! तुमची जागा माझ्या हृदयापाशी!’’ असं म्हणून त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला वर खेचायला लागले.

‘‘नको!’’ मी किंचाळलो.

‘‘विनय बघा यांचा!’’ ते माइकमध्ये म्हणाले आणि आणखी जोरात खेचलं.

मी सिंहासनाचा पाय धरला. ते वर ओढतायत, मी खाली. चौकाला काय दिसलं? नगराध्यक्ष ‘उठा’ म्हणतायत आणि राजा लोटांगणाशिवाय ऐकायला तयार नाही! कर्णा नुसता कर्कश ओरडत होता. जेनिवाल्दो मुकुटासाठी जिना चढायला लागला.

तेवढ्यात माइकमधून माझ्या बायकोचा आवाज आला. ‘‘सोडा त्याला! शिवण उसवेल!’’

सगळे थबकले. आमांसियोसाहेबांनीही हात काढला.

‘‘तो कोणापुढे वाकलेला नाहीये!’’ नेउझाने माइक दोन्ही हातांनी धरला होता. ‘‘त्याच्या पोटाची कातडी कापून शिवलीय! उरलीय ती कातडी तोकडी पडतेय, म्हणून वाकलाय! दोन आठवडे हा माणूस खुर्चीत झोपतोय, रात्री उशी दाबून रडतोय, आणि तरी इथे आलाय. का, तर म्हणे राजा हसला नाही तर गाव नाचणार कसं! आता मारा लिंबं!’’

रडतोय हे सांगायची गरज नव्हती. पण ते जाऊ दे. लोकांचा विश्वास बसेना असं वाटून सासूबाई पुढे झाल्या आणि पुराव्यादाखल त्यांनी माझा मखमली झगा मागून सर्रकन कमरेपर्यंत वर केला. कातडीच्या रंगाचा पट्टा. हुक. लेस. साऱ्या पेद्रा मान्साने बघितली.

कोणीही हसलं नाही. आणि खालून बेलार्मिनोचा रडवेला आवाज आला, ‘‘मी कोणाला सांगितलं नाही हो! आईशपथ!’’

पहिल्यांदा जेनिवाल्दो फुटला, जिन्याच्या मध्यावर. मग झुल्मिराबाई, कर्ण्यातून. बेलार्मिनोने गुपित पाळलं, याहून मोठा विनोद गावाने ऐकलाच नव्हता! सगळा चौक पोट धरून हसायला लागला आणि मी, ज्याला पोट धरण्याचा खरा अधिकार, मी झग्याखाली सरकलेली उशी चाचपत होतो. बाहेर काढून पोटाशी धरली. पण उशीर झाला होता. हसू आतून निघालंच.

‘‘हा... आई गं!’’ माइक माझ्या तोंडाशीच होता. ‘‘हा... आई गं! हा... मेलो!’’

तीन झाली. बँडमास्तर नियमाला पक्का. त्याने हात खाली आणला आणि ढोल सुरू झाले.

चावी राहिलीच होती. मी काटकोनात असल्यामुळे ती माझ्या हातात द्यायला आमांसियोसाहेबांना दोन्ही गुडघे टेकावे लागले, पांढऱ्या सुटासकट, चिरडलेल्या पेरूवर. झुल्मिराबाईंनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. जेनिवाल्दो वरपर्यंत आला, त्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःचा झगा काढून माझ्या लेसवर नीट पांघरला आणि कानात म्हणाला, ‘‘ते तळलेले तुकडे पोचले ना?’’

‘‘पोचले,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘मीठ कमी होतं.’’

दोन टाके उसवले होते. डॉक्टर तेल्मांनी ते पुन्हा घालताना विचारलं, ‘‘हसलात ना?’’

‘‘राज्यकारभार होता, डॉक्टर.’’

त्यांनी सुई जरा जास्तच जोरात ओढली असा माझा अजून संशय आहे.

आता तुम्ही म्हणाल, शेवट गोड झाला. मलाही तसंच वाटलं होतं! वर्षभरात जखम भरली, पट्टा सुटला, आरशावरचा टॉवेल निघाला. पोट असं सपाट, की त्यावर इस्त्री करावी. यंदाच्या कार्निव्हलला मी उशी घेतली नाही. अंगाबरोबर बसणारा रेशमी शर्ट शिवला, छाती काढून, ताठ, चौकात पोचलो.

अख्खा चौक काटकोनात होता. म्हातारी, तरणी, पोरंटोरं, सगळी पोटाशी पिवळी उशी धरून, वाकून! आमांसियोसाहेब वाकलेले, झुल्मिराबाई वाकलेल्या, निवडणूक कोण जिंकलं याचं कोणाला सोयरसुतक नाही. ढोलाच्या ठेक्यावर सगळं गाव ओरडत होतं, ‘‘हा, आई गं! हा, आई गं!’’ जेनिवाल्दो तर इतका सुरेख वाकला होता, की मलाही हेवा वाटला.

‘‘बाजूला हो रे,’’ समितीचा माणूस मला म्हणाला. ‘‘राजा यायचाय.’’

‘‘अरे, मीच राजा!’’

त्याने मला खालून वर बघितलं. ‘‘ताठ उभा राहणारा राजा कोणी पाहिलाय?’’ आणि माझ्या हातात एक उशी कोंबली, वर कोंबडा भरलेली.

एवढं कापून, शिवून, बोंबलून मिळवलेलं सपाट पोट! वर्षातून ज्या चार दिवसांत गाव माझ्याकडे बघतं, ते चार दिवस ते पोट उशीखाली होतं. चौथ्या दिवशी माझी पाठ धरली. अजून सुटलेली नाही. हे सगळं मी त्याच खुर्चीत, वाकून सांगतोय.

नेउझा म्हणते, पाठीचंही ऑपरेशन असतं म्हणे.

मी म्हटलं, हसवू नकोस.